सिकलसेलच्या रुग्णाजवळ परिचारिकेने विचार कसा करायचा? रिपोर्टपासून हँडओव्हरपर्यंत

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार किंवा मेळघाटात काम करणाऱ्या सिस्टरसाठी आनुवंशिक आजार म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा विषय नसतो. तो रोज ओपीडीच्या रांगेत उभा असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. वय शून्य ते चाळीसमधल्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. एवढ्या रिपोर्टांतले बहुतेक रिपोर्ट रुग्णाला समजावून सांगायची वेळ एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका), स्टाफ नर्स किंवा सीएचओवरच (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावरच) येते. बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या सत्रात पॅथॉलॉजीबरोबर जेनेटिक्स शिकवतात आणि आनुवंशिकतेच्या चौकटी काढून पंचवीस टक्के, पन्नास टक्के पाठ होतात. वॉर्डात मात्र प्रश्न वेगळे असतात. हा रिपोर्ट खरा मानायचा का? हे दुखणं सिकलसेलचंच आहे का? सासूसमोर काय बोलायचं आणि काय नाही?

माझं ठाम मत असं आहे की सिकलसेलच्या सेवेत सगळ्यात जास्त नुकसान अज्ञानाने होत नाही, ते घाईने लावलेल्या नावाने होतं. केसपेपरवर एकदा ‘सिकलसेल’ लिहिलं की पुढचा प्रत्येक जण विचार करायचं थांबतो. खाली जे टप्पे दिले आहेत, ते हे थांबणं टाळण्यासाठी आहेत.

उजळणीपुरतं थोडं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांडे तयार होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. एका पालकाकडून हे जनुक आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोघांकडून आलं तर ‘एसएस’, म्हणजे आजार. तिसरा प्रकारही आहे. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमियाचं, म्हणजे बीटा साखळी कमी किंवा मुळीच न बनवणारं, जनुक आलं तर होतो सिकल-बीटा थॅलेसेमिया. याच्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. पुढे तो पुन्हा येईल.

पहिला टप्पा: रुग्णाआधी रिपोर्टला प्रश्न विचारा

रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी तपासा: कोणती चाचणी, तेव्हाचं वय, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का, आणि तेव्हाचं हिमोग्लोबिन किती होतं.

सोल्युबिलिटी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली याचा अर्थ एवढाच की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. तो माणूस एएस आहे की एसएस, हे ती चाचणी सांगूच शकत नाही. तरीही पॉझिटिव्ह आलेल्या गरोदर बाईला ‘तुम्हाला सिकलसेल आहे’ असं सांगून घरी पाठवलं जातं. ती वाहक असेल, तिला काहीच त्रास नसेल, पण घरी ती आजारी म्हणून पोचते. पुढची चाचणी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, होईपर्यंत आपल्या तोंडून एकच वाक्य जावं: “पहिल्या तपासणीत एक खूण सापडली आहे. ती नक्की कशाची, हे दुसऱ्या तपासणीत कळेल.”

‘निगेटिव्ह’ रिपोर्टही तितकाच फसवा असू शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि सिकल हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी चुकते. हिमोग्लोबिन फार खाली गेलेल्या रुग्णातही ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्या रुग्णाला तिची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यातच ती दगा देऊ शकते.

एचपीएलसीचे आकडे वाचायला शिका. ते डॉक्टरांचंच काम आहे असं मानू नका. एएसमध्ये ए (नेहमीचं) हिमोग्लोबिन एसपेक्षा (सिकलपेक्षा) जास्त असतं आणि एस साधारण तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास. एसएसमध्ये ए नसतंच; एस सगळ्यात जास्त आणि एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, वाढलेलं. आता समजा, पाच वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर ‘एएस पॅटर्न’ छापलंय. मुलाला मात्र वर्षातून तीनदा हातपाय दुखून भरती व्हावं लागलंय, डोळे पिवळे आहेत, हिमोग्लोबिन साडेसात आहे. वाहकाला असं होत नाही. इथे विचारायचा प्रश्न एकच: “रक्त कधी चढवलं होतं?” आई म्हणाली, “तपासणीच्या पंधरा दिवस आधी,” तर रिपोर्टमधलं ए हिमोग्लोबिन रक्तदात्याचं असू शकतं. मूल एसएस असेल आणि कागदावर एएस. अशा वेळी रक्त चढवून तीन महिने झाल्यावर पुन्हा चाचणी करायची असते, आणि आईवडिलांची चाचणी लगेच करता येते. हे डॉक्टरांच्या नजरेस आणून देणं आणि केसपेपरवर रक्ताची तारीख लिहिणं हे आपलं काम.

दुसरा टप्पा: तीन पिढ्यांची वंशावळ काढा, पण निष्कर्षाची घाई नको

वंशावळ काढायला दहा मिनिटं पुरतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर भरीव, वाहक असेल तर अर्धा भरलेला. रुग्ण, भावंडं, आईवडील, मावश्या, मामा, आत्या, काका, दोन्हीकडचे आजीआजोबा. “घरात कुणाला सिकलसेल आहे का?” असं विचारलं तर उत्तर बहुतेकदा “नाही” येतं. त्याऐवजी विचारा: घरात कुणाला सारखी कावीळ व्हायची का? कुणाचे हातपाय रात्ररात्र दुखायचे? कुणाला रक्त लागायचं? लहानपणी कोणती मुलं गेली आणि कशाने? मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक झाली आहे का, हेही विचारा. आपल्याकडे अशी लग्नं सर्रास होतात, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आपल्या स्वरातूनच समोरच्याला कळलं पाहिजे.

आता एक प्रसंग सविस्तर पाहू, कारण इथे घर मोडू शकतं.

चार वर्षांची मुलगी. एचपीएलसीत ए हिमोग्लोबिन नाही, एस जास्त. रिपोर्टवर ‘एसएस पॅटर्न’. आई सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, नंतर एएस निघाली. वडिलांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह. सासू खाटेजवळ बसली आहे.

“सिस्टर, माझ्या पोराचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. म्हणजे हे सगळं हिच्याच माहेरचं आहे ना?”

त्या क्षणी सिस्टरच्या मनातही चौकटीचं गणित सुरू होतं. एसएस मूल म्हणजे दोन्ही पालकांकडे सिकल हवं. वडिलांकडे नाही. मग? या ‘मग’च्या पुढचा विचार अनेकींच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि सासूला तो लगेच वाचता येतो.

इथेच थांबायचं आणि आणखी कोणत्या शक्यता आहेत ते मोजायचं. एक: वडिलांची फक्त सोल्युबिलिटी झाली आहे. ती चाचणी बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखतच नाही. वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तर मुलीला आईकडून सिकल आणि वडिलांकडून थॅलेसेमियाचं जनुक मिळालं असेल, आणि तिचा आलेख एसएससारखाच दिसेल. दोन: नमुन्यांची अदलाबदल. शिबिरात एका दिवसात शेकडो नळ्या भरल्या जातात, तेव्हा हे अशक्य नाही. तीन: वडिलांची चाचणीच चुकली. या तीन शक्यता तपासून होण्याआधी चौथीचा विचार करण्याचंही कारण नाही.

मुलीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, काढून बघा. लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, कमी आहे का? एचपीएलसीच्या रिपोर्टवर ए-टू (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) वाढलेलं आहे का? दोन्ही असेल तर सिकल-बीटा थॅलेसेमियाचा संशय बळावतो. वडिलांची एचपीएलसी मागवा. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर निघालं तर बहुतेक उलगडा होतो.

आणि सासूला काय सांगायचं? “आजी, हा आजार एका घरातून येत नाही. दोन्हीकडून काहीतरी आलं तरच होतो. तुमच्या मुलाची छोटी तपासणी झाली आहे, मोठी व्हायची आहे. ती झाल्यावर डॉक्टर दोघांना बसवून सांगतील.” यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि त्याने कुणावर बोट रोखलं जात नाही. सगळ्या तपासण्यांनंतरही गणित जुळलं नाही, तर ती गोष्ट नातेवाइकांत बोलायची नसते. ती डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे, बंद दाराआड, आधी त्या बाईशीच.

तिसरा टप्पा: खाटेजवळ ‘हे सिकलसेलचंच आहे’ यावर शंका घ्या

सोळा वर्षांची, एसएस माहीत असलेली मुलगी पाठ आणि मांड्या दुखतात म्हणून भरती झाली. पहिल्या दिवशी ताप नाही, सॅच्युरेशन ९७. सलाइन आणि वेदनाशामक सुरू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १०१, श्वास मिनिटाला २८, सॅच्युरेशन ९२, आणि ती म्हणते, “छातीत दुखतंय.” पाळी बदलताना हँडओव्हरला सांगितलं जातं, “सिकलची पेशंट आहे, क्रायसिस चालू आहे.”

या वाक्यापायी तिचा जीव जाऊ शकतो. दुखण्याचा क्रायसिस सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुफ्फुसाला अचानक होणारी गंभीर इजा, उभा राहणं हे नेहमीचं आहे, आणि सिकलसेलमधल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी त्यावर विसंबू नका. ‘काल नव्हतं, आज आहे’ असं काय आहे, हा प्रश्न प्रत्येक पाळीत विचारा. इथे ताप, श्वास आणि सॅच्युरेशन, तिन्ही बदललं आहे. डॉक्टरांना तातडीने बोलवा, ऑक्सिजन लावा, एक्स-रे आणि सीबीसीची तयारी ठेवा. किती सलाइन गेलं ते मोजा, कारण ‘सिकल म्हणजे भरपूर पाणी’ या समजुतीपायी जास्त झालेलं सलाइन फुफ्फुसात साचतं. आणि अशी वेळ येऊच नये म्हणून दुखणं घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाकडून पहिल्या दिवसापासून जागेपणी दर दोन तासांनी दहा दीर्घ श्वास घेऊन घ्या. स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) नसेल तरी हे करता येतं, आणि त्याचा उपयोग होतो.

हिमोग्लोबिन पाहतानाही हेच. एसएस रुग्णाचं नेहमीचं हिमोग्लोबिन सात ते नऊच्या दरम्यान असू शकतं. साडेसात बघून घाबरायचं की नाही, हे तिचं नेहमीचं किती यावर ठरतं. नेहमी आठ असणारीचं साडेसात म्हणजे रक्त चढवण्याचं कारण नाही, आणि उगाच चढवून दहाच्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन अडथळे वाढतात. पण नेहमी आठ असणारं मूल पाचवर आलं तर पोटावर हात ठेवा. प्लीहा वाढली आहे आणि रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) जास्त आहेत, म्हणजे रक्त प्लीहेत साचतंय. काही तासांत मूल शॉकमध्ये जाऊ शकतं. प्लीहा नेहमीइतकीच आहे आणि रेटिक्युलोसाइट फार कमी आहेत, म्हणजे रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेने काम थांबवलंय, बहुतेक पार्व्हो विषाणूमुळे. तसं असेल तर घरातल्या दुसऱ्या एसएस भावंडालाही बोलवून घ्या, त्यालाही तेच होऊ शकतं. वॉर्डातल्या गरोदर सिस्टरने या मुलाची ड्यूटी घेऊ नये.

एसएस मुलांच्या आयांना प्लीहा चाचपायला शिकवा. डाव्या बरगडीखाली बोटं कशी ठेवायची, नेहमी कुठवर लागते, ते दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. ही पाच मिनिटांची शिकवणी मूल वाचवते.

एक हात अचानक ढिला पडला, बोलणं अडखळलं, तर तो अशक्तपणा समजू नका. लहान मुलातही तो पक्षाघात असू शकतो. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, हात लावू देत नाही, तर अपेंडिक्सही असू शकतं. सिकलसेल असलेल्या माणसाला बाकीचे सगळे आजार होतात. आणि ३८.५ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप असलेलं एसएस मूल रांगेत बसवायचं नसतं. प्लीहा काम करत नसल्यामुळे साधा वाटणारा संसर्ग त्याच्या रक्तात झपाट्याने पसरतो.

दुखण्याबद्दल वेगळं सांगितलंच पाहिजे. सिकलचं दुखणं मोजणारी रक्ततपासणी नाही. नाडी, रक्तदाब नेहमीसारखे असतात, मुलगा मोबाइल बघत असतो, आणि आपण म्हणतो, “एवढं काही नाही, सवय लागलीय इंजेक्शनची.” वर्षानुवर्षं दुखणं सोसलेली माणसं न रडता दुखतात. रुग्ण दहापैकी आठ म्हणाला तर आठ लिहा. रुग्ण आल्यापासून तासाभरात पहिलं वेदनाशामक गेलं पाहिजे, आणि अर्ध्या तासाने परत विचारलं पाहिजे. मॉर्फिन चालू असेल तर गुंगी आणि श्वासाची गती दुखण्याइतक्याच नेमाने नोंदवा. पेथिडिन हे वेदनाशामक लिहून आलं तर डॉक्टरांना पर्याय विचारा. त्याने फिट येऊ शकते. शेकायला गरम चालेल, बर्फ नको.

चौथा टप्पा: गोळी देण्याआधी एक प्रश्न

लोहाची गोळी. वाहक गरोदर बाईला ती इतरांसारखीच द्यायची. वाहक असणं हे लोह थांबवण्याचं कारण नाही. एसएस रुग्णाला वारंवार रक्त चढलं असेल तर शरीरात लोह आधीच साचलेलं असू शकतं, म्हणून फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) न बघता आपल्या मनाने पाकीट हातात देऊ नका. फोलिक ॲसिड मात्र त्यांना हवंच.

प्रायमाक्विन. मलेरियाच्या पट्ट्यातच सिकलसेल आहे आणि तिथेच जी-सिक्स-पीडी या लाल पेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरताही आढळते. अशा माणसाच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. ही कमतरता एक्स गुणसूत्रावरून येते, म्हणून मुलग्यांत जास्त दिसते. व्हायवॅक्स मलेरियासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन सुरू असताना लघवी काळसर झाली, डोळे पिवळे झाले तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना कळवा. ‘सिकल आहे, कावीळ असतेच’ असं म्हणू नका. आणि लाल पेशी फुटत असतानाच केलेली जी-सिक्स-पीडी चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते, कारण कमतरता असलेल्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात.

हायड्रॉक्सीयुरिया. याने एफ हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात, पण परिणाम दिसायला काही महिने लागतात. “महिना घेतली, फरक नाही, सोडली” हे वाक्य तुम्ही ऐकणारच, म्हणून पहिल्याच दिवशी वेळ सांगा. नियमित सीबीसी चुकवू नका. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटू शकतात. लग्न झालेल्या मुलीला औषध सुरू होताना गर्भनिरोधनाबद्दल विचारणं हे आपलंच काम, डॉक्टर राउंडच्या गर्दीत ते विसरू शकतात. कॅप्सूल उघडायची वेळ आली तर हातमोजे घाला.

लहान एसएस मुलांना पेनिसिलिन चालू आहे का आणि न्यूमोकोकलचे तीनही डोस झाले आहेत का, हे लसीकरण कार्ड उघडून बघा, तोंडी विचारून भागवू नका.

पाचवा टप्पा: समुपदेशनात आकडा सांगा, निर्णय सांगू नका

दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक. इथे हमखास गैरसमज होतो: “एक मूल आजारी झालं, म्हणजे पुढची तीन चांगली.” तसं नाही. प्रत्येक वेळी नव्याने चिठ्ठी निघते, आधीची चिठ्ठी मोजली जात नाही. सांगून झालं की त्यांनाच विचारा, “आता पुढच्या बाळाचं काय होऊ शकतं, तुमच्या शब्दांत सांगा.” उत्तरात ‘पुढची तीन’ आली तर पुन्हा समजावा. एक जण एएस आणि दुसरा पूर्ण सामान्य असेल तर एसएस मूल होणार नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगा. पण ‘सामान्य’ हा शब्द नुसत्या सोल्युबिलिटीवर वापरू नका. दुसऱ्या टप्प्यातली मुलगी आठवा.

“लग्न करू नका”, “हे मूल ठेवू नका” ही वाक्यं आपल्या तोंडची नाहीत. आपलं काम पर्याय आणि वेळ सांगण्याचं. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशी घेऊन किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन होते. म्हणजे पाचव्या महिन्यात नवऱ्याची चाचणी सुचवणं फार उशिराचं. बाई पहिल्या भेटीत पॉझिटिव्ह निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याची चाचणी लावा. १९९४ चा पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा) कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी देतो, पण नोंदणी झालेल्या केंद्रातच, बाईच्या लेखी संमतीने आणि लिंग न सांगता. संमती नवऱ्याची किंवा सासऱ्यांची नव्हे, तिची.

रिपोर्ट कुणाला सांगायचा? ज्याचा आहे त्याला. भावंडांना धोका असेल तर त्यांना सांगण्यासाठी रुग्णाला तयार करा, तिच्या परवानगीशिवाय आपण फोन करायचा नाही. वाहक मुलींची यादी उपकेंद्राच्या भिंतीवर लागली की गावात त्यांची लग्नं अडतात, हे लक्षात ठेवा.

शेवटी हक्काचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. अनेक कुटुंबांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. प्रमाणपत्र कुठे मिळतं ते सुट्टीच्या कागदावर लिहून द्या.

सहावा टप्पा: नोंद अशी लिहा की पुढच्या पाळीचा विचार सुरू राहील

‘सिकलसेल क्रायसिस, कंडिशन स्टेबल’ ही नोंद पुढच्या सिस्टरला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा:

“वय १६, एचपीएलसीवर एसएस, शेवटचं रक्त ८ महिन्यांपूर्वी. नेहमीचं हिमोग्लोबिन ८.२, आज ७.१. दुखणं काल ८, आज ५. संध्याकाळी ६ पासून ताप आणि छातीत दुखणं नवीन. सॅच्युरेशन ९७ वरून ९२, ऑक्सिजन सुरू. प्लीहा लागत नाही. डॉक्टरांना ६.१० ला कळवलं, एक्स-रे झाला, रिपोर्ट बाकी. संशय: चेस्ट सिंड्रोम. रात्री दर तासाला श्वास आणि सॅच्युरेशन. ९० च्या खाली गेलं किंवा गुंगी वाढली तर लगेच बोलवा, रक्ताची सोय करून ठेवली आहे. धाकट्या भावाची तपासणी झालेली नाही; आई उद्या घेऊन येणार.”